खाली दुकान, वर घर, मध्ये मामाजी

या लेखातली दोन माणसं आणि एक इमारत मी रचलेली आहे. गाव खरं आहे, कायदे खरे आहेत, आणि भांडण तर इतकं खरं आहे की जुन्या बाजारातल्या कुठल्याही ओट्यावर अर्धा तास बसलं तर ऐकू येईल.

इमारत अशी. हिंगणघाटच्या जुन्या बाजारपेठेत रस्त्याला लागून दोन गाळे, मागे फरशीचं अंगण, बुजवलेली विहीर, वर चार खोल्या आणि लाकडी कठड्याची गॅलरी. एका गाळ्यात भांड्यांचं दुकान, चाळीसेक वर्षांपासून, भाडं महिन्याला 700 रुपये. दुसऱ्यात मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा, भाडं 9,000. वरचं घर बंद. मालक वारले, वारस चार, त्यातला एकही गावात नाही. मागणी 80 लाखांची.

घ्यायला निघालेली बाई फिजिओथेरपिस्ट आहे. नागपुरात एका दवाखान्यात नोकरी करते, माहेर हिंगणघाटचं. तिला खाली स्वतःचा दवाखाना हवा आहे आणि वर बिऱ्हाड. तिचे मामाजी इथल्या गिरणीत टाइमकीपर होते. बन्सीलाल अबीरचंद यांच्या नावाची ती गिरणी 1974च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. मामाजींनी व्हीआरएस घेतली. तेव्हापासून कुठलीही इमारत दिसली की ते आधी विचारतात, ही बंद पडली तर काय?

मामाजी : तू 80 लाखांत इमारत नाही घेऊन राहिली, भाडेकरू घेऊन राहिली. इमारत त्याच्यासंगं फुकट.

भाची : भाडेकरू वाईट आहे का, मामाजी? वेळेवर भाडं देतो.

मामाजी : सातशे रुपये! सातशे रुपये वेळेवर द्यायले काय लागते? हिशेब लाव. नऊ हजार अन् सातशे. वरचं घर आठ हजारात दिलं असं धर. झाले सतरा हजार सातशे. वर्षाचे दोन लाख बारा हजार चारशे. 80 लाखांवर हे अडीच टक्क्याच्या जरासं वर जाते. घरपट्टी अन् डागडुजी तं मी धरलीच नाही. बँकेत ठेव ठेवली तं याच्या दुपटीहून जास्त मिळते, अन् बँकेचं छत गळत नाही.

भाची : पण मी भाडं खायला घेतच नाहीये. मी तिथं राहणार आहे, काम करणार आहे. घराचं भाडं आठ आणि दवाखान्याच्या जागेचं बारा, असे वीस हजार मला नाहीतरी कुठंतरी द्यावेच लागले असते. तेवढे वाचले.

मामाजी : अन् हप्ता? शेतीच्या हिश्श्याचे तीस लाख आहेत तुझ्याजवळ. पन्नास कर्ज काढशीन. दहा टक्के व्याज, पंधरा वर्षं. महिन्याले त्रेपन्न हजार सातशे तीस. मी नातवाच्या मोबाईलवर काढून पाह्यलं. तुझे वीस हजार अन् भांडेवाल्याचे सातशे वजा कर. बाकीचे तेहतीस हजार कोण देईन?

भाची : दिवसाला पाच पेशंट. एका बैठकीचे अडीचशे धरा, महिन्याचे सव्वीस दिवस धरा.

मामाजी : पाच येतीन. पण कधी?

या ‘कधी’ला हिंगणघाटात फार अर्थ आहे, म्हणून जरा थांबतो. हे गाव कापसावर उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकात इथल्या कापसाचा जातिवंत धागा व्यापाऱ्यांना इतका पसंत होता की ‘हिंगणघाट’ हे मँचेस्टरपर्यंत कापसाच्या एका प्रतीचं नाव झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 ते 1865 या काळात तिकडचा पुरवठा तुटला तेव्हा वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. 1870च्या दशकात रेल्वे आली, मग जिनिंग, प्रेसिंग आणि गिरण्या. आजही इथली बाजार समिती कापूस, सोयाबीन, तूर, चण्यासाठी आसपासच्या तालुक्यांना ओढून आणते. साहजिकच जुन्या बाजारातल्या प्रत्येक गल्ल्याला हंगाम असतो. दिवाळीपासून कापूस घरात येतो, विकला की लग्नं ठरतात, लग्नं ठरली की भांडी निघतात. जून ते सप्टेंबर पैसा बियाण्यात आणि खतात रुतलेला असतो. 2022च्या उन्हाळ्याआधी क्विंटलला दहा हजारांवर भाव गेला, तेव्हा सोनाराकडे रांगा होत्या. ऑगस्ट 2025मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. त्या वेळी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झालेला होता. पण हमीभावाने विकायला भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर नंबर लागावा लागतो, आणि ज्याला सावकाराचे पैसे उद्या द्यायचे आहेत तो नंबराची वाट पाहत नाही. आयात शुल्काच्या दिल्लीतल्या त्या एका ओळीचा परिणाम या गल्लीतल्या गाळ्याच्या भाड्यावर होतो. नागपुरात बसून व्याजाचे दर मोजणाऱ्याला हे सहसा दिसत नाही.

भाची : हंगामाचं मला ठाऊक आहे. उलट माझं काम त्याच्या मागोमाग येतं. वेचणीला बायका दिवसभर वाकलेल्या असतात. कंबर धरते, खांदा धरतो. वेचणी संपली की त्या दुखणं घेऊन बसतात, आणि तेव्हा हातात पैसा असतो. बाजार समितीतले हमाल आहेत, त्यांचे गुडघे बारा महिने दुखतात. आणि या लोकांना दवाखाना तळमजल्यावरच पाहिजे. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून तर माझ्याकडे येतात ते.

मामाजी : मग तळमजला महामार्गावर घे ना! नंदोरी चौकाकडं पाह्य काय चालू आहे. दवाखाने तिकडं, लॉन तिकडं, शोरूम तिकडं. नागपूर-हैदराबाद रस्ता, चोवीस तास वाहतूक. जुन्या बाजारात चारचाकी लावायले जागा आहे का? तुझ्या हमालाले पोरगा गाडीवर घेऊन येईन, तो गाडी कुठं लावीन? भांडेवाल्याच्या पिंपात?

भाची : महामार्गाकडे मी पाहून आले. तिकडं कोण घेतंय माहीत आहे? घेणारे सगळे पुढे विकणारेच आहेत. स्वतः राहायला घेतलेला एक भेटला नाही. प्रत्येक जण सांगतो, मेडिकल कॉलेज होणार, भाव दुप्पट होणार.

मामाजी : होणारच आहे.

भाची : कॉलेज व्हावंच. त्यासाठी गाव रस्त्यावर आलं, आंदोलनं झाली, मंजुरी आली, मग जागेवरून वाद झाले. पण कॉलेज कुठल्या बाजूला होईल यावर मी माझा हप्ता लावू? प्लॉट घेतला तर पहिल्या दिवसापासून हप्ता आणि हातात काय? कुंपणाचे चार खांब. इथं पहिल्या दिवसापासून छप्पर आहे.

इथे माझं मत भाचीकडे झुकतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. महामार्गाच्या प्लॉटचं मोल पुढे येणाऱ्या गिऱ्हाइकावर टेकलेलं असतं. जुन्या बाजारातल्या इमारतीचं मोल, निदान तिच्यासाठी, आजच्या वापरावर टेकलेलं आहे. शिवाय राष्ट्रीय महामार्गाला लागून जागा असली म्हणजे त्या रस्त्यावर थेट दार उघडता येतंच असं नाही. त्यासाठी महामार्ग खात्याची परवानगी लागते, आणि उद्या सेवारस्ता किंवा उड्डाणपूल झाला तर गिऱ्हाईक समोरून भरधाव निघून जातं. महामार्गावरचं गाव आणि महामार्गावरचं दुकान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाची : तुम्हाला एका बाईचं सांगते. जेन जेकब्स. शहरांवर लिहायची. 1947 साली तिनं आणि तिच्या नवऱ्यानं न्यूयॉर्कमध्ये हडसन स्ट्रीटवर असंच घर घेतलं, खाली गोळ्या-बिस्किटांचं जुनं दुकान आणि वर खोल्या. वस्ती पडकी होती, लोक हसले असतील. तिथं राहून, त्या रस्त्याकडे पाहून तिनं 1961 साली पुस्तक लिहिलं. सांगणं असं की दुकानं आणि घरं एकत्र असली की रस्त्यावर दिवसभर कुणी ना कुणी असतं, त्यानं रस्ता जिवंत राहतो. आणि नवा धंदा जुन्या इमारतीतच सुरू होऊ शकतो, कारण नव्याचं भाडं त्याला परवडत नाही.

मामाजी : बाई हुशार असन. पण तिच्या गल्लीच्या भोवती न्यूयॉर्क होतं. आपल्या गल्लीत रात्री आठनंतर कोण असते? भांडेवाला शटर ओढते अन् कुत्रे ताबा घेतात.

भाची : म्हणूनच कुणीतरी वर राहायला पाहिजे ना!

मामाजी : ते कुणीतरी आपलीच पोरगी कायले पाहिजे?

याला उत्तर नाही. लाकडी गॅलरी, जुना बाजार, वस्तीचं पुनरुज्जीवन यावर लेख लिहिणारे आम्ही लोक बहुधा फ्लॅटमध्ये राहतो.

मामाजी : तू त्या न्यूयॉर्कच्या बाईले सोड. मले सांग, भांडेवाल्याले कसा काढशीन?

भाची : काढणारच नाही.

मामाजी : म्हणजे?

भाची : मला एकच गाळा लागतो, मोबाईलवाल्याचा. भांडेवाले राहू देत. सकाळी आठला दुकान उघडतात, कुरिअर घेतात, कोण आलं कोण गेलं सगळं त्यांना माहीत. आणि त्यांच्याकडे येणारी बाई माझी पाटी वाचणार.

मामाजी : भाडेकरू म्हणून ठेवून राहिली की ग्रामदैवत म्हणून?

आता जरा कायद्यात उतरू, कारण अशा इमारतींचा खरा भाव तिथेच ठरतो. मुंबईच्या पागडीच्या गोष्टी ऐकून विदर्भातल्या भाडेकरूबद्दल मत बनवू नये. आपल्याकडे 31 मार्च 2000पर्यंत जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा 1949चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला नोटीस द्यायच्या आधीच मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी आणावी लागे. त्या दिवसापासून अख्ख्या राज्याला एकच कायदा आला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. त्यात जुन्या भाडेकरूचं संरक्षण कायम राहिलं. तो भाडं देतो आणि अटी पाळतो तोवर त्याला हलवता येत नाही. मालकाला खरोखरची, वाजवी गरज असेल तर दावा करता येतो, पण कोर्ट दोघांचीही अडचण तोलून पाहतं. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या धंद्यात असलेल्या घरच्या माणसाकडे हक्क जातो. आपल्या भांडेवाल्याचा मुलगा रोज दुकानात बसतो. म्हणजे आणखी एक पिढी धरून चाला.

भाडं वाढवता येतं, पण वर्षाला 4 टक्के. सातशेवर वर्षाचे 28 रुपये. कायदा आला त्या वर्षापासून मालकाने न चुकता चक्रवाढीने वाढवलं असतं तरी पंचवीस वर्षांत ते अठराशे सहासष्टच्या आसपास गेलं असतं. या मालकाने तेही केलं नाही. का केलं नसेल, हे जुन्या बाजारात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. दरवर्षी 28 रुपयांसाठी शेजाऱ्याला नोटीस कोण देणार?

मामाजी : बरं, भांडेवाला राहिला. त्याचा धोका आपल्याले माहीत आहे. मोबाईलवाल्याचा?

भाची : त्याचं सोपं आहे. अकरा महिन्यांचा करार आहे, स्टॅम्प पेपरवर. संपला की निघेल.

मामाजी : नोंदवलेला आहे?

भाची : अकरा महिन्यांचा नोंदवावा लागत नाही ना?

मामाजी : कोण म्हणते?

सगळेच म्हणतात, आणि सगळेच चुकतात. याच कायद्याचं 55वं कलम सांगतं की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत अकरा महिने असो की अकरा वर्षं. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर जागा कुठल्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोडण्याचं ओझं मालकावर. उद्या त्या पोराने सांगितलं की मी लायसन्सवर नाही, भाडेकरूच आहे, तर भाचीच्या दवाखान्याची पाटी काही वर्षं गुंडाळून ठेवावी लागेल.

आणखी एक बारकावा आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन लवकर ताबा घेण्याची जी सोय कायद्यात आहे, ती राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरती आहे. म्हणजे वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड तुलनेने झटपट निघू शकतं, खालच्या गाळ्यासाठी दिवाणी रस्ता धरावा लागतो. एकाच इमारतीत वर एक नियम आणि खाली दुसरा. खाली दुकान वर घर घेणाऱ्यांपैकी हे व्यवहाराआधी ठाऊक असलेला माणूस मला क्वचितच भेटला. गंमत अशी की सातशे रुपयेवाला, ज्याला सगळे भितात, तो मोजता येतो. नऊ हजारवाला, जो सगळ्यांना आवडतो, तो येत नाही.

भाची : मग त्याला आताच्या मालकांनीच मोकळं करून द्यायचं. रजिस्ट्रीच्या दिवशी गाळा रिकामा आणि किल्ली माझ्या हातात. नसेल तर व्यवहार नाही.

मामाजी : आता बोलली कामाचं. आखीव पत्रिका पाह्यली?

भाची : पाहिली. मालकाचं नाव आहे, क्षेत्र आहे.

मामाजी : नाव नको सांगू, जमीन कशी आहे ते सांग. नझूल की मालकीची?

हा प्रश्न पुण्याच्या मामाने विचारला नसता. नझूल हे विदर्भाचं जुनं दुखणं आहे. नागपूर आणि अमरावती विभागातल्या गावांत, विशेषतः जुन्या बाजारपेठांत, बऱ्याच जमिनी सरकारी आणि पट्ट्याने दिलेल्या. पट्टा साधारण तीस वर्षांचा, मग नूतनीकरण. वर पक्कं बांधकाम, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, नगरपरिषदेची पावती, सगळं असतं. पण खालची जमीन सरकारची. पट्टा कशासाठी दिला तेही त्यात लिहिलेलं असतं. राहण्यासाठी दिला आणि पुढे खाली शटरं बसवली, तर तो शर्तभंग ठरू शकतो. परवानगीशिवाय विकला तर तोही. सरकारने मध्यंतरी अभय योजना आणली, पण ती राहण्यासाठी दिलेल्या नझूल जमिनींसाठी. खाली दुकान असलेल्या घराने त्या दारात उभं राहिल्यावर पहिला प्रश्न खालच्या दुकानाचाच येणार.

भाची : मालकीची आहे. भूमी अभिलेखमधून प्रत काढली. आणि वकिलाला तीस वर्षांचा शोध घ्यायला दिलाय.

मामाजी : मोजणी?

भाची : ती नाही केली. भिंती तर चारही बाजूंनी उभ्या आहेत.

मामाजी : भिंत कुणी बांधली ते भिंत सांगत नाही. मोजणी आण. या गावात तं मोजणीचा देव मेला आहे, अन् तू मोजणी नाही केली म्हणून सांगून राहिली!

मामाजींचा देव म्हणजे विल्यम लॅम्बटन. 1802 साली मद्रासजवळ पायाची रेघ आखून ज्याने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि वीस वर्षं ती उत्तरेकडे सरकवत आणली, तो हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी 1823मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर इथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतलं आणि त्याचं नाव शिखराला लागलं. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाट आलं. गावातल्या किती घरांची हद्द आज वादात आहे हे कळलं तर तो काय म्हणाला असता कुणास ठाऊक.

मोजणीबरोबर आणखी दोन कागद लागतात आणि ते नगरपरिषदेतून निघतात. विकास आराखड्यात समोरचा रस्ता किती रुंद दाखवला आहे, हा पहिला. रुंदीकरणाची रेषा गाळ्यातून जात असेल तर विकत घेतलेल्या दोन गाळ्यांचं उद्या दीडच उरेल. दुसरा, जुनं बांधकाम पाडून नव्याने उभारायची वेळ आली तर किती बांधता येईल. 2020 अखेर लागू झालेल्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे गाडीतळाचा हिशेब द्यावा लागतो. छोट्या जुन्या प्लॉटवर तो बसवताना दुकानाचीच जागा जाते. आणि वणा नदी. जुलै 2022मध्ये पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारून घ्यावं, आणि निळी-लाल पूररेषा जागेपासून किती लांब आहे ते नकाशावर पाहावं. भाचीची जागा उंचावर आहे, म्हणून हा विषय त्यांच्यात दोन वाक्यांत संपला.

मामाजी : समज सगळे कागद चोख निघाले. तरी मी म्हणतो नको घेऊ. कारण मी एक बाजार मरताना पाह्यला. पगाराच्या दिवशी या भांडेवाल्याकडे आमची रांग असे. कुकर हप्त्यानं, हंडा हप्त्यानं. गिरणीचा भोंगा थांबला अन् दोन वर्षांत या लाइनीतले कितीतरी गाळे बदलले. एक देणारा गेला तं सगळी गल्ली गेली. उद्या तुले विकायची पाळी आली, नवऱ्याची बदली, आजारपण, काहीही, तं घेईन कोण? चार वारसांले आज घेणारा मिळून नाही राहिला, म्हणून तं ते तुझ्यामागं लागले.

भाची : मामाजी, गल्ली गेली म्हणता, पण भांडेवाला राहिला ना? का राहिला? गिरणीवरच अवलंबून असता तर तोही गेला असता. त्याचं गिऱ्हाईक खेड्यातून येतं. सोमवारी समुद्रपूरकडचं, मंगळवारी दुसरीकडचं. एक देणारा गेला, आता लहान लहान शंभर आहेत.

मामाजी : शंभर देणाऱ्यांची उधारी पण शंभर.

भाची : असू द्या. आणि विकायची पाळी आली तर नाही जाणार लवकर, हे मला मान्य आहे. म्हणून मी हे पैसे विसरूनच गुंतवतेय. पण मग भावही तसाच द्यायचा. जी वस्तू लवकर विकली जाणार नाही, तिला लवकर विकल्या जाणाऱ्या वस्तूचा भाव मी का देऊ?

माझ्या मते या दोघांचं भांडण जागेवरून नव्हतंच. मामाजींना बाहेर पडायचं दार हवं होतं आणि भाचीला आत राहायची सोय. दोन्ही गोष्टींची किंमत असते आणि 80 लाखांत दोन्हींची किंमत लावलेली होती, जणू इमारत रिकामी आहे, बाजार चढता आहे आणि घेणारे रांगेत उभे आहेत. भाचीने ते ओळखलं याचं श्रेय मामाजींच्या कुरकुरीला. तिने एकटीने पाहिली असती तर गॅलरी पाहून हो म्हटलं असतं. ती गॅलरी आहेच तशी.

मामाजी : मग काय देतो म्हणशीन?

भाची : साठ. भांडेवाल्याचा गाळा मला वापरता येणार नाही, त्याचं भाडं नाममात्र आहे, त्याचे पैसे मी देणार नाही. तीस माझे, तीस कर्ज. हप्ता बत्तीस हजार दोनशेच्या घरात. वाचलेलं भाडं आणि भांडेवाल्याचे सातशे वजा केले तर खिशातून साडेअकरा हजार जातात. म्हणजे दिवसाला दोन पेशंट. तेवढे पावसाळ्यातही येतील.

मामाजी : साठले नाही देणार ते.

भाची : मग नाही देणार. चौघांपैकी कुणाला इथं येऊन राहायचंय? छप्पर अजून दोन पावसाळे काढेल. त्यानंतर तेही साठाचं पन्नास म्हणतील.

मामाजी : अन् बँक? खाली दुकान असलं की घरकर्जाचा दर देत नाहीत, धंद्याचा लावतात.

भाची : म्हणून तर मी दहा टक्के धरले. आणि बाईच्या नावावर घेतल्यावर मुद्रांकात मिळणारी एक टक्क्याची सवलत घरासाठी आहे, गाळ्यांसाठी नाही. तीही मी धरलेली नाही.

मामाजी : चौघांच्या सह्या होतीन? त्यांच्या बहिणीनं हक्कसोड दिला आहे म्हणतात.

भाची : म्हणतात. नोंदवलेला हक्कसोड मी पाहिलेला नाही. तोवर चारही नावं धरून चालणार आणि चौघांनाही रजिस्ट्रीला बोलावणार. वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही देणार.

मामाजी : इसार?

भाची : दोन लाख. मोठ्या भावाने स्वतःच्या नावाने चेक मागितलाय, बाकीच्यांना तोच वाटून देतो म्हणाला.

मामाजी : नाही बावा, असं नको करू. चार चेक फाड, चौघांच्या चार नावानं, पन्नास पन्नास हजाराचे. मोबाईलवाल्याचा गाळा रिकामा करून देण्याची अट इसारपावतीतच टाक, तारखेसकट. अन् टीडीएस पण चौघांचा वेगळा काप. एकेकाच्या वाट्याले पंधरा लाखच येतात म्हणून तो लागत नाही असं कोणी सांगन, तं ऐकू नको. ऑक्टोबर 2024पासून एकूण किंमत धरतात. साठावर एक टक्का, साठ हजार. ते भरले नाही तं नोटीस त्यांले नाही येत, तुले येते.

भाची : म्हणजे तुम्ही येताय ना बोलणीला?

मामाजी : येतो. पण साठ म्हणू नको पहिले. पंचावन्न म्हण.